नजर वर म्हणजे हो

माशी आधी माझ्या कपाळावर बसली. तिथून भुवईवर आली, थोडी रेंगाळली, आणि नाकाच्या शेंड्यावर येऊन हातपाय चोळत बसली. मी पूर्ण जागा होतो. तिचा एकेक पाय मला वेगळा कळत होता. हात उचलून तिला हाकलायचं, एवढंच काम होतं, आणि तेवढंच मला जमत नव्हतं. मान वळत नव्हती, ओठ हलत नव्हते. फुंकर मारावी तर श्वासही माझा नव्हता. गळ्याला भोक पाडून बसवलेल्या नळीतून एक मशीन तो आत ढकलायचं आणि बाहेर काढायचं.

शेजारच्या खाटेची चादर बदलणारे दोघे आपसात बोलत होते. एकजण माझ्याकडे मान करून म्हणाला, "बेड चारचं काही खरं नाही." दुसऱ्यानं चादरीचं टोक खोचत हुंकार भरला. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो.

मग सिस्टर आल्या. बाकी सगळे आधी मशीनकडे बघायचे, ह्या बाईंनी आधी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. "माशी छळतेय होय, सर?" म्हणत त्यांनी ती हाकलली, ओल्या कापसानं नाक पुसलं आणि माझ्यावर वाकून म्हणाल्या, "तुम्हाला सगळं ऐकू येतं, मला ठाऊक आहे. येत असेल तर वर बघा."

मी वर पाहिलं. डोळ्यांची बुबुळं तेवढी माझ्या ताब्यात उरली होती.

"छान. नजर वर म्हणजे हो. नाही म्हणायचं तर खाली."

अशा रीतीनं मला दोन शब्द परत मिळाले.

हे सगळं नगरच्या एका दवाखान्यात घडलं, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी सुमंत रणनवरे, हायस्कूलमध्ये खेळांचा शिक्षक. खो-खोचे संघ तयार करायचो. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाची पोरं जागच्या जागी थांबायची, असा माझा आवाज. त्या पावसाळ्याच्या शेवटी मला जुलाब झाले आणि बरेही झाले. पुढच्या आठवड्यात पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. एका सकाळी सरावाच्या वेळी गुडघे दुमडून मी खाली बसलो, आणि उठताच येईना. पोरांना वाटलं सर गंमत करताहेत. दोन दिवसांत हात गेले, मग गिळणं गेलं, मग श्वास. डॉक्टर बोऱ्हाडे यांनी माझी बायको हेमलता हिला समजावलं की शरीरानं स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला केला आहे. त्यांच्यावरचं आवरण पुन्हा येतं, बहुतेकांचं येतं, पण कधी ते सांगता येत नाही, आणि काहींचं येत नाही. हे ते माझ्या उशाशी उभं राहूनच बोलले. मी ऐकतोय हे त्यांना पुस्तकावरून माहीत होतं, पण जो माणूस उत्तर देत नाही त्याच्यासमोर माणसं हळूहळू भिंतीसमोर बोलावं तशी बोलू लागतात.

छताला पांढरे पत्रे होते. त्यातल्या एकावर गळक्या पाण्याचा तपकिरी डाग होता. माझी सारी दुनिया तेवढीच. पाठ दुखायची, खांद्यात कळा यायच्या, आणि कुशीवर वळवायला कुणी येईपर्यंत ते सोसत पडायचं. मला सर्वांत जास्त छळलं ते मात्र दुखण्यानं नाही. मी आत शाबूत होतो. विचार धावत होते, राग येत होता, पोरांचे खेळ डोळ्यांसमोर चालू होते, आणि ह्या सगळ्याला बाहेर पडायला दार नव्हतं. जिवंत माणसाला शवपेटीत घालून झाकण लावावं आणि झाकणाला तेवढी काच ठेवावी, तसं.

देवाशी माझं तेव्हा बोलणं नव्हतं. माझे वडील खेड्यावरच्या चर्चचे पाळक. दाऊद रणनवरे म्हटलं की त्या भागातल्या वाड्या-वस्त्यांवरचे लोक अजून नाव काढतात. कुणी आजारी पडलं की हा माणूस सायकल काढून प्रार्थनेला जायचा. ते स्वतः आजारी पडले तेव्हा मात्र फार हाल होऊन गेले, आणि त्यांना माती दिल्यावर महिन्याभरात चर्चच्या मंडळीनं आम्हाला पाळकाचं घर रिकामं करायला लावलं. आईनं चूल मांडलेली जागा सोडताना मी ठरवलं की हा व्यवहार इथंच संपला. पुढे हेमा रविवारी उपासनेला जायची, मी मैदानावर. नाताळला तिच्या समाधानासाठी शेवटच्या बाकावर बसायचो.

त्या खाटेवर मात्र मी प्रार्थना केली. लाज वाटावी इतकी केली. आधी सौदा केला, की एक बोट हलू दे, मी दर रविवारी येईन. मग शिव्या दिल्या. मग नुसतं, सोडव, सोडव. मशीनचा सूं-फस आवाज तेवढा यायचा. बाकी काही नाही.

एकदा हेमा आमच्या पाळकांना घेऊन आली. भला माणूस, पण आवाज मोठा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून बंधनं तुटावीत म्हणून लांबलचक प्रार्थना केली. मला ओरडून सांगायचं होतं की माझ्या बापासाठी ती का तुटली नाहीत. कान मिटता येत नाहीत, म्हणून सगळं ऐकावं लागलं. शेवटी ते म्हणाले, "रणनवरे सर, विश्वास आहे ना?" मी खाली पाहिलं. अगदी ठाम, जितकं खाली बघता येईल तितकं. त्यांना माझी भाषा ठाऊक नव्हती. "पाहा, कसे नम्र झालेत," असं हेमाला म्हणाले. हेमाला भाषा ठाऊक होती. तिनं फक्त माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

सिस्टर कुमुद त्रिभुवन माझ्याशी असं काही बोलल्या नाहीत. पन्नाशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, श्रीरामपूरकडच्या. काम सुरू करायच्या आधी काय करणार ते सांगायच्या. सर, आता तोंड पुसते. सर, आता नळी साफ करणार, दमछाक होईल, पण मी इथंच आहे. आज वार कुठला, बाहेर ऊन आहे की आभाळ, हेही सांगायच्या. अंगाखाली उशा सारताना ओठ हलायचे त्यांचे. प्रार्थना करत असाव्यात, पण त्यातला शब्द त्यांनी कधी माझ्यावर लादला नाही.

मग एक दुपार अशी आली की ड्युटी बदलण्याच्या गडबडीत माझी नळी मशीनपासून निसटली. घंटा वाजू लागली, पण पलीकडच्या खाटेजवळ एका म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं होतं आणि सगळे तिकडे धावले होते. आत हवा येणं थांबलं. छाती हलवायची होती, हलत नव्हती. मी सगळं बळ डोळ्यांत आणून छताकडे बघत राहिलो. डागाभोवतीचा पत्रा काळा पडत गेला. कुणीतरी धावत आलं, नळी जोडली, माझ्या गालावर थापटलं. फार वेळ गेला नव्हता म्हणे. पण त्यानंतर मला मशीनच्या प्रत्येक श्वासाची भीती वाटू लागली. हा आला, पुढचा येईल का? दिवसभर हेच. डोळा लागला की दचकून जाग यायची, आणि दचकतानाही अंग हलायचं नाही.

त्याच सुमारास हेमानं एक युक्ती काढली. ती बालवाडीत शिकवायची. मुलांसाठी तक्ते करायची सवय होतीच. तिनं सांगितलं की ती पुठ्ठ्यावर अक्षरांचा मोठा तक्ता करून आणणार, कखगघच्या ओळी, चछजझच्या ओळी, खाली काना, मात्रा, वेलांटी. ती ओळीवर बोट ठेवील, माझी ओळ आली की मी वर बघायचं. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. "तुम्हाला काय हवंय ते मला कळेल हो," असं म्हणताना तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता.

मला काय हवंय ते मी तेव्हाच ठरवलं. मरू द्या. एवढंच सांगायचं होतं. तिला वाटत होतं मी पाणी मागेन, आमच्या मुलीचं नाव घेईन. मी मनातल्या मनात अक्षरं जुळवत होतो. म, र, ऊकार. तिला ते वाचून काय होईल याचा विचार मनात आला की मी तो ढकलून द्यायचो. आत कोंडलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख दिसत नाही. भिंतीच दिसतात फक्त.

तक्त्याला थोडे दिवस लागणार होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत सिस्टर त्रिभुवन यायच्या थांबल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार होती, पण न सांगता अंगाला हात घालायची. वार सांगणारं कुणी उरलं नाही. त्या रजेवर असतील, बदली झाली असेल, कंटाळल्या असतील, असे विचार करून मी त्यांच्यावरही रागावलो.

ज्या दिवशी दुपारी हेमा तक्ता घेऊन येणार होती, त्या सकाळी सिस्टर परत आल्या. पडद्याच्या पलीकडे वॉर्डातल्याच दुसऱ्या सिस्टर, थोरात, त्यांना हलक्या आवाजात विचारत होत्या की एवढ्या लवकर कशाला आलात, अजून चार दिवस घरी बसायचं. सिस्टर त्रिभुवन म्हणाल्या की घरी बसवत नाही. मग तुकड्यातुकड्यानं मला सगळं कळलं. त्यांचा मुलगा अनुप, एकुलता एक, मनमाड रस्त्यावर मोटारसायकलवरून येताना ट्रकखाली गेला होता. नुकतीच नोकरी लागली होती.

सिस्टर थोरात म्हणाल्या, "पण तुम्ही किती धीराच्या. सगळ्या मंडळीत बोलतात, बाईच्या डोळ्यांत टिपूस नाही. विश्वासाची केवढी साक्ष आहे."

सिस्टर त्रिभुवन म्हणाल्या, "हो ना. तेच सगळे म्हणतात. कबरस्थानात म्हणाले, घरी येऊन म्हणतात. आता रडले तर त्यांना काय वाटेल गं?"

सिस्टर थोरातांना ते कळलं नसावं. त्या निघून गेल्या.

पडदा सरला. "नमस्कार सर. आज गुरुवार," सिस्टर म्हणाल्या. आवाज रोजचाच. बाहेर ऊन आहे, आता अंग पुसते, असं म्हणून त्यांनी कोमट पाण्यात फडकं पिळलं. मान, छाती, काख. मग उजवा हात घेतला आणि बोटं एकेक करून पुसू लागल्या. मधल्या बोटाशी त्या थांबल्या. माझा हात तसाच धरून उभ्या राहिल्या, आणि फडक्यातलं पाणी चादरीवर ठिबकत राहिलं. त्यांचा चेहरा मला अर्धाच दिसत होता. रडत नव्हत्या. एखाद्या घराची सगळी दारंखिडक्या आतून खिळे मारून बंद केलेली असावीत, तसा तो चेहरा होता.

मी तो ओळखला. गेले कित्येक दिवस मी तिथंच राहत होतो.

मला काहीतरी बोलायचं होतं. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मला जे बोलायचं होतं ते माझ्याबद्दल नव्हतं. आणि बोलता येत नव्हतं म्हणून, दुसरा काही मार्गच नव्हता म्हणून, मी आतल्या आत म्हणालो: देवा, हिला धर. माझं राहू दे. हिला धर.

पुढचं सांगणं अवघड आहे, आणि मी ते वाढवून सांगणार नाही. प्रकाश पडला नाही, आवाज आला नाही. मशीन तसंच सूं-फस करत होतं, खांद्यातली कळ तशीच होती. पण माझ्या लक्षात आलं की मी पुढच्या श्वासाची वाट बघायची विसरलो होतो. तो आला होता, त्याच्यानंतरचाही आला होता. आणि जिथं मी इतके दिवस एकटा कोंडलेला होतो, तिथं मी एकटा नव्हतो. कुणीतरी आधीपासून तिथं बसलेलं असावं आणि मी भिंतींवर धडका मारण्याच्या नादात त्याच्याकडे पाठ करून राहिलेला असावा, तसं काहीसं. वडील लोकांच्या खाटांशी तासन् तास कशाला बसायचे, सायकलीवरून परत येताना ते थकलेले असूनही शांत कसे असायचे, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांना बदल्यात काही मिळालं नाही असं मी धरून बसलो होतो.

सिस्टरांनी हात खाली ठेवला, फडकं धुतलं आणि डावा हात पुसायला घेतला.

दुपारी हेमा तक्ता घेऊन आली. निळ्या शाईनं, सुबक, बालवाडीतल्यासारखी टपोरी अक्षरं. सिस्टर माझं डोकं नीट टेकवून द्यायला थांबल्या. हेमानं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. बोट खाली सरकत गेलं. च-छ-ज. ट-ठ-ड. त-थ-द. प-फ-ब-भ-मच्या ओळीशी ते आलं आणि तिथं ती जरा जास्तच थांबली. कदाचित मुलीच्या नावातला म तिला हवा असेल.

मी डोळे हलवले नाहीत. ती ओळ गेली.

य-र-ल-वशी मी वर पाहिलं. मग त्यातल्या रला.

"र," हेमा म्हणाली, आणि पुन्हा वरपासून सुरुवात केली. ट-ठ-डच्या ओळीला मी वर पाहिलं, त्यातल्या डला वर पाहिलं, आणि खालच्या चिन्हांमध्ये कान्याला. एवढ्यानं डोळे दमून पाझरायला लागले. हेमानं ते पुसले.

"रडा," तिनं वाचलं. मग तिचा आवाज बदलला. "मी रडू? अहो, मी रोज रडते घरी. तुम्हाला दिसू देत नाही एवढंच."

मी खाली पाहिलं. नाही. मग जेवढी नजर बाजूला वळत होती तेवढी वळवून मी सिस्टरांकडे बघत राहिलो.

हेमानं माझ्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. तिला त्यांच्या घरचं काही माहीत नव्हतं. सिस्टर खाटेच्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

"मला म्हणताय, सर?"

मी वर पाहिलं.

"ऐकलंत तुम्ही सकाळी?"

मी पुन्हा वर पाहिलं.

त्या खाली बसल्या. स्टूल होतं म्हणून बरं, नाहीतर जमिनीवरच बसल्या असत्या. माझा उजवा हात चादरीवर पडलेला होता, त्यावर त्यांनी कपाळ टेकवलं. आधी आवाज आला नाही, नुसते खांदे हलत होते. मग आवाज आला. इतका मोठा की सिस्टर थोरात धावत आल्या आणि पडद्यापाशीच थांबल्या. हेमानं तक्ता खाली ठेवला, त्या बाईला पाठीमागून मिठी मारली आणि काही न विचारता तीही रडू लागली. माझा हात बधिर होता. तरी त्यावर काहीतरी गरम, ओलं पडल्याचं मला कळलं. डॉक्टर बोऱ्हाडे पुढे मला म्हणाले की ते शक्य नाही. असेल.

'मरू द्या' मी नंतरही सांगितलं नाही. सांगायची गरजच उरली नव्हती. त्या दिवशी मी बरा झालो असं मात्र कुणी समजू नये. त्यानंतरही मी पुष्कळ आठवडे त्या मशीनवर होतो. मध्ये न्यूमोनिया झाला, एकदा तर हेमाला गावाकडच्यांना बोलावून घ्या असं सांगितलं होतं. भीती परत परत आली. पण ती आली की मला करायला काम होतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यासाठी, चादर बदलणाऱ्या त्या दोघांसाठी, सिस्टरांसाठी, हेमासाठी. एकेकाला समोर आणायचं आणि धर म्हणायचं. त्या वॉर्डात सकाळपासून संध्याकाळपर्यंत मला फुरसत नसायची. एक पायसुद्धा न हलवता वडिलांच्या सायकलीवर बसून मी वस्त्या फिरत होतो. आणि खरं सांगायचं तर, मैदानावर ट्रॉफ्या उचलल्या तेव्हाही मला एवढं सुख वाटलं नव्हतं.

आधी खांदा हलला, मग अंगठा. वर्ष उलटून गेल्यावर काठी टेकत शाळेत गेलो. डावं पाऊल अजून फरफटतं. मैदानावरचा तो आवाज काही परत आला नाही, पोरांना आता जवळ यावं लागतं. रविवारी मी हेमाबरोबर उपासनेला जातो आणि ज्यांनी आमचं घर रिकामं करायला लावलं त्यांच्यातल्या एकाशेजारी बसतो. तो आता थकलाय, त्याला उठायला हाताचा आधार लागतो.

सिस्टरांना मी ते सगळं सांगितलं ते गळ्यातली नळी काढल्यानंतर. मला तोपर्यंत साध्या वॉर्डात हलवलं होतं. आवाज फुटला होता, पण कुजबुजीएवढाच. त्यांच्या सुट्टीचा दिवस होता. डब्यातून पातळ खिचडी घेऊन आल्या होत्या आणि चमच्यानं मला भरवत होत्या. मी थांबत थांबत सांगितलं की त्या गुरुवारी सकाळी, माझा हात हातात घेऊन त्या उभ्या होत्या तेव्हा, मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती. कितीतरी वर्षांनी केलेली माझी पहिली खरी प्रार्थना.

चमचा डब्यातच राहिला.

"त्या सकाळी घरून निघायच्या आधी मी गुडघे टेकले होते, सर," त्या म्हणाल्या. "तोंडातून शब्दच निघेना. अनुप गेल्यापासून निघतच नव्हता. शेवटी मी म्हटलं, देवा, माझ्यानं आता होत नाही. मी फक्त कामावर जाते. माझ्या वाटणीची प्रार्थना तू दुसऱ्या कुणाकडून तरी करून घे."

त्यांनी पदरानं डोळे टिपले.

"मला वाटलं मंडळीतल्या एखाद्या धडधाकट माणसाला उठवेल. तुम्हाला उठवलं."

आणि मग त्या हसल्या. मुलगा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. माझा अर्धा चेहरा अजून जागचा हलत नव्हता, तरी उरलेल्या अर्ध्यानं मीही हसलो, आणि खिचडी हनुवटीवरून ओघळली.